आडवं माणूस

लोहगावच्या त्या लांबट खोलीत
तीन विमानं टेबलावर होती, हातभर लांबीची,
दांडीवर तिरपी बसवलेली,
जणू आत्ताच उडाली
आणि मागून कुणीतरी थांब म्हटलं.

राष्ट्रप्रमुखांसाठी एक निवडायचं होतं.
माझं काम टिपणं घेण्याचं :
कोण काय म्हणालं ते लिहायचं,
का म्हणालं ते नाही.

पहिल्याचं पोट ऐसपैस. दुसरं न थांबता तेरा तास.
तिसरं स्वस्त, पण हा शब्द
कागद गोळा करताना हळूच उच्चारला गेला,
बैठकीत मुलीचं वय विचारावं तसा.

तक्त्यात प्रमुखांचं वजन पंच्याहत्तर किलो धरलेलं.
कुठल्या प्रमुखांचं?
कुणाचंही. विमान तीस वर्षं टिकतं,
माणूस पाच.

गालिच्यावर पाऊण तास गेला.
निळा थंड वाटतो, असं एकांचं मत.
मे महिना, एसी नुसताच घरघरत होता,
थंड वाटलं तर बरंच, असं माझं,
पण माझं मत टिपणात येत नाही.
बाहेर लढाऊ विमान सुटलं की
सगळे आपापलं वाक्य तोंडात धरून बसायचे
अडलेल्या शिंकेसारखं.
मी तिथे एक रेघ ओढायचे.

टेबलाच्या टोकाला खळदकर.
निवृत्त वॉरंट ऑफिसर, जमिनीवरचा अनुभव म्हणून बोलावलेले.
सकाळपासून तीन खारी आणि एकही शब्द नाही.
उठता उठता अध्यक्षांनी विचारलं,
तुमचं काही?

त्यांनी बशी बाजूला सारली.
दार केवढं आहे?

कंपनीचा माणूस खुलला :
सहा फुटी माणूस मान न वाकवता आत जातो सर.

उभ्याचं नाही विचारलं, खळदकर म्हणाले.
आडवं माणूस जातं का?

नेमकं तेव्हा बाहेर एकही विमान सुटलं नाही.

देव न करो, अध्यक्ष म्हणाले.

देव करतोच की साहेब, तारीख तेवढी कळवत नाही.
मी चढवलेत. सरळ जिन्याला काही वाटत नाही,
आत शिरल्यावर वळायचं असतं, तिथे अडतं.
मग पेटी तिरपी करावी लागते.
बाहेर बँड, झेंडा, सगळं टीव्हीवर असतं.
तिरपी केलेली फक्त आम्ही चौघं बघतो.
आतून आवाज येतो, सरकल्याचा.

कंपनीच्या माणसानं माहितीपत्रक उलटसुलट केलं.
त्यात शॉवरचं माप होतं.

मी लिहिलं, मुद्दा अकरा :
दरवाजाच्या मापांबाबत खुलासा मागवावा.

धानोरीत आमची लिफ्ट चार माणसांची.
फेब्रुवारीत अप्पांना पाचव्या मजल्यावरून
प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं,
माझ्या ओढणीनं छातीपाशी बांधून.
शेजारच्या फैयाजनं कपाळ धरलेलं,
मान पुढे पडू नये म्हणून.
खाली वॉचमननं विचारलं, दवाखान्यात का?
मी हो म्हणाले.
खुर्ची अजून बाल्कनीत आहे,
कपडे वाळत घालताना मी तिला वळसा घालते.

दुसऱ्या दिवशी टिपण टाइप करताना
मुद्दा अकराशी बोटं थांबली.
एक शब्द घातला :
आडव्या प्रवाशासाठी दरवाजाच्या मापांबाबत.
वाचताना विचित्र वाटत होता.
प्रवासी कधी आडवा असतो का,
कुणीतरी विचारेल, खोडेल, आणि बरोबरच असेल त्यांचं.

आठ दिवसांनी कागद सही होऊन आला.
गालिच्याच्या परिच्छेदात चार दुरुस्त्या होत्या,
निळ्याचा करडा झाला होता.
अकराला कुणी हात लावला नव्हता.
वाचलंच नसेल,
किंवा कुणाच्या तरी घरची लिफ्टही
चार माणसांची असेल.